कोहळ्याची पहिली चीर

आमच्या लेकीच्या शाळेने ऑक्टोबरात एक कागद घरी पाठवला. शरद ऋतू आला आहे, तरी मुलांनी झाडाखाली गळून पडलेली केशरी, पिवळी आणि तांबडी पानं गोळा करून वहीत चिकटवून आणावीत, असा हुकूम होता. कागदाच्या कोपऱ्यात एका गोऱ्या मुलीचं चित्र होतं. ती गळ्याला मफलर गुंडाळून पानांच्या ढिगावर उडी मारत होती. मी भिलाईच्या कॅम्प-1 मधल्या एका शाळेत पंधरा वर्षं विज्ञान शिकवते, त्यामुळे तो कागद वाचून मला आलेला राग निदान शास्त्रशुद्ध होता. भिलाईत ऑक्टोबरात पानं गळत नाहीत. पावसाळा नुकता पाय काढत असतो, झाडं हिरवीगार असतात, सप्तपर्णीला फुलं येऊन संध्याकाळी तिच्या वासाने डोकं धरतं, आणि मफलर सोडाच, दुपारी पंख्याखालीही घाम येतो. आमची पानगळ होळीच्या सुमाराला होते. तेव्हा शाळेत परीक्षा असतात आणि पानांना कोणी विचारत नाही.

पण हे सात वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, मॅमला जास्त कळतं. मीही मॅमच आहे, पण हिंदी मिडियमच्या शाळेतली, त्यामुळे तिच्या हिशेबी मी मॅममध्ये मोडत नाही. दोन दिवस आम्ही मायलेकींनी आमची अख्खी खुर्सीपार वस्ती पालथी घातली. फणसाचं एक पिवळं पान सापडलं, ते आमच्या देखत बकरीने खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून घरी आले तर स्वयंपाकघरात धूर. लेक स्टुलावर उभी राहून पेरूची पानं तव्यावर भाजत होती आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, शेजारी उलथनं घेऊन तिच्या हुकमाची वाट पाहत होते. पानं कडेने तांबडी आणि मध्ये पिवळी झाली होती, अगदी त्या कागदातल्यासारखी. मॅमने वहीत दोन तारे दिले आणि खाली 'ब्यूटिफुल' लिहिलं. त्या वर्षी भिलाईत शरद ऋतू माझ्या तव्यावर आला, आणि पुढे दोन दिवस पोळ्यांना पेरूच्या पाल्याचा वास येत राहिला.

पानं झाली, मग भुतं आली. ती आणली आमच्या गल्लीच्या अध्यक्षीणबाईंनी. क्वार्टरांच्या या गल्लीत अध्यक्षपदाची निवडणूक कधी झाल्याचं मला आठवत नाही, पण गणपतीची वर्गणी, दुर्गेचा मांडव आणि कोणी कोणाच्या दारात गाडी लावायची, हे सगळं त्याच ठरवतात. त्या वर्षी त्या सहा महिने मुलाकडे बंगळुरूला राहून आल्या होत्या आणि येताना डोक्यावर चमकणारी दोन लाल शिंगं घेऊन आल्या होत्या. कोजागिरीच्या दुधाच्या वेळी ती शिंगं घालूनच त्यांनी जाहीर केलं की महिनाअखेर आपल्याकडे हॅलोवीन होईल. मुलं भुताखेतांचे वेश करून दारोदार जातील, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतील, आणि लोक त्यांना गोळ्या-चॉकलेटं देतील.

मी म्हटलं, मग हा आपला तान्हा पोळाच झाला. पोरं नटूनथटून लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, त्यात आणि यात फरक काय? त्यावर त्या म्हणाल्या की फरक आहे, त्यात बैल असतो. मग मी छेरछेऱ्याची आठवण करून दिली. पौषात छत्तीसगडी पोरं टोपल्या घेऊन घरोघर धान मागायला येतात, तेव्हा याच गल्लीतली फाटकं आतून लागतात आणि 'भिकारी आले' असं म्हटलं जातं. यावर सगळ्यांनी दूध प्यायला सुरुवात केली. पोरांनी आपल्या भाषेत मागितलं तर भीक आणि इंग्रजीत मागितलं तर संस्कृती, हे मला त्या रात्री मसाल्याच्या दुधाबरोबर नीट समजलं.

घरी सासऱ्यांनी वेगळीच हरकत घेतली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवघर नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि सासऱ्यांच्या वडिलांनी गोंदियाकडचं गाव सोडताना देव, देव्हारा आणि अंगात येणं तिथेच सोडलं, हा आमच्या घराण्याचा इतिहास. तो सासरे पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. नातीचं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "आमाले भूतं घराबाहेर काढाले दोन पिढ्या लागल्या," ते मला म्हणाले, "अन् तुमी आता त्यायले मोबाइलवरून मागवून राहिले." लेकीने त्यांना समजावलं की आबा, असली भूत नाही, कॉस्च्यूम. सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं की टोपी किती उंच पाहिजे. आमच्या घरात तत्त्वं फार पक्की आहेत, फक्त नात समोर आली की ती बाजूला सरकून बसतात.

गल्लीतल्या बाकीच्या मुली परी आणि राजकन्या होणार होत्या. भुतांच्या सणाला परी कशी चालते, हे विचारायची सोय नव्हती, कारण परीचे झगे स्नेहसंमेलनासाठी आधीच घेतलेले होते. माझ्या लेकीने सांगितलं, मी चुड़ैल बनणार. समोरचे दोन दात पडलेले असल्यामुळे अर्धं काम आधीच झालं होतं. चुड़ैल काय करते, असं तिने मला विचारलं. मी विज्ञानाच्या तासाच्या आवाजात सांगितलं की चुड़ैल नसते, त्यामुळे ती काहीही करत नाही. तिने मान डोलावली. म्हणाली, "मग मी जे करीन तेच चुड़ैल करते." मला हे उत्तर फार आवडलं, पण आईने असं लगेच दाखवायचं नसतं.

आता कोहळ्यांकडे यायला हवं. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आम्ही कोहळं म्हणतो. अध्यक्षीणबाईंच्या योजनेत प्रत्येक फाटकापाशी डोळे-तोंड कोरलेलं एक कोहळं हवं होतं, आणि ज्याच्या फाटकाशी कोहळं त्याच घरी मुलं जातील, असा नियम होता. बाजारातली कोहळी एक तर चपटी, नाही तर उचलायला दोन माणसं लागतील एवढी. गोल, हातात मावतील अशी कोहळी गल्लीत एकाच ठिकाणी होती. ती टोकाच्या क्वार्टरमधल्या मावशींच्या वेलावर.

या मावशी भंडाऱ्याकडच्या. नवरा प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात होता, तो आजाराने गेला. दोन वर्षांनी एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून त्या एकट्याच राहतात, मागच्या आवारात भाजी लावतात, आणि कोहळ्याचा वेल न्हाणीघराच्या पत्र्यावर चढवतात. आमच्याकडे एक रीत आहे. अख्ख्या कोहळ्याला पहिली चीर बाईने द्यायची नाही. कोहळं म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याच्यावर बाईने सुरी चालवायची नाही. पुरुषाने एकदा सुरी टोचून दिली की मग बाईने खुशाल फोडी कराव्यात, मुलगा वगैरे सगळं विसरावं आणि फोडणी टाकावी. घरात पुरुष नसेल तर शेजारच्याला हाक मारावी. मावशींनी नवऱ्यामागे कोणाला हाक मारली नाही. कोहळं आलं, त्यांनी चिरलं, भाजी केली, मायलेकांनी खाल्ली.

मुलगा गेला तेव्हा गल्लीला हे चिरलेलं कोहळं आठवलं. दोन आणि दोन पाच झाले. छत्तीसगडात अशा बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, म्हणतात. या एका शब्दावरून खेड्यांत बायकांना मारलं आहे, गावाबाहेर हाकललं आहे, आणि त्याविरुद्ध कायदाही करावा लागला आहे. आमची गल्ली शिकलेली. आम्ही कोणाला मारलं नाही. आम्ही फक्त त्यांना बारशाला बोलावलं नाही, तान्हं बाळ घेऊन येताना पलीकडच्या रस्त्याने आलो, आणि त्या समोरून आल्या की आम्हाला मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आलेलं असायचं.

'आम्ही' म्हणते आहे, कारण आता माझं सांगते. मी शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर तास घेते. लिंबातून रक्त काढून दाखवते आणि मग ते रसायन कुठलं ते फळ्यावर लिहिते. पोरं टाळ्या वाजवतात. तर या हॅलोवीनच्या दोन वर्षं आधी माझी लेक खेळता खेळता मावशींकडे गेली आणि कोहळ्याची चार बोंडं खाऊन आली. बोंडं म्हणजे कोहळं आणि गूळ घालून तळलेली गोड भजी. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तोच ताप होता, डॉक्टरांनी औषध दिलं होतं, हे सगळं मला माहीत होतं. तिसऱ्या संध्याकाळीही ताप उतरला नाही तेव्हा मी सासरे फिरायला गेलेले पाहून स्वयंपाकघराचं दार लावलं, मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, लेकीवरून सात वेळा उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर नजर होती, असं म्हणतात. मला ठसका लागला नाही. धूर ओढणारा पंखा चालू होता, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. लेकीने विचारलं की आई हे काय, तेव्हा मी सांगितलं, प्रयोग.

त्यानंतर मी तिला मावशींकडे जायला कधीही मनाई केली नाही. मी सुधारक बाई आहे. ती तिकडे निघाली की मला फक्त तिचा राहिलेला होमवर्क आठवायचा.

कोहळी मागायला कोणी जायचं, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सायन्सवाली, मला काही होणार नव्हतं. मी लेकीला घेऊन गेले. मावशींनी काही न विचारता वेलावरून अकरा कोहळी काढून दिली आणि म्हणाल्या, "लेकरायसाठी हाये तं ने." पैसे काढले तर त्यांनी हात मागे घेतला. लेक त्यांच्याशी तोंड भरून बोलत होती आणि त्या कोहळ्याच्या देठाशी चाळा करत, खाली मान घालून, तुटक उत्तरं देत होत्या. मला वाटलं, बाई फटकून आहेत. लेकीने त्यांना हॅलोवीन समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकलं आणि कोहळ्याला उद्देशून म्हणाल्या की माझ्या घरी कोण येते. लेक म्हणाली, मी येईन, सगळ्यात आधी तुमच्याकडे येईन. मावशी म्हणाल्या की मग बोंडं करून ठेवते. मी दोघींचं ऐकत उभी होते, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की एकीने शब्द दिला आहे आणि दुसरीने तो खरा मानला आहे.

एकतीस तारखेला दुपारी अध्यक्षीणबाईंच्या ओट्यावर अकरा कोहळी ओळीने मांडली होती. ती आधी हळद आणि मिठाच्या पाण्याने धुऊन काढली होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या की हायजीन. कोहळ्यांच्या समोर आम्ही दहा बायका हातात सुऱ्या घेऊन बसलो होतो आणि एकही सुरी चालत नव्हती. घरचे पुरुष फर्स्ट शिफ्टला होते, ती दोनला सुटते. माझ्या सासऱ्यांना या रीतीसाठी बोलावलं असतं तर त्यांनी सुरी घेण्याआधी घराण्याचा इतिहास सांगितला असता. अमेरिकेचा सण, बंगळुरूची शिंगं, मोबाइलवर डोळे कसे कोरायचे त्याचा व्हिडिओ उघडलेला, आणि दहा बायका पुरुषाच्या हाताची वाट पाहत बसलेल्या. लेकीने मला विचारलं, "आई, तू का नाही कापत?" मी म्हटलं की बाबांना येऊ दे. तिने माझ्याकडे जरा पाहिलं. त्या व्हिडिओतही एक बाईच कोरत होती.

अडीचच्या सुमारास माझा नवरा गल्लीत शिरला. तो रोलिंग मिलमध्ये आहे, आठ तास तापलेल्या लोखंडापाशी उभा राहून आलेला, पोटात भूक. त्याला फाटकापाशीच अडवलं आणि हातात सुरी दिली. त्याने डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा कोहळ्यांना अकरा वेळा सुरी टोचली, सुरी परत दिली आणि जेवायला निघून गेला. काय चाललं आहे, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. बायकोशी संसार कसा टिकवावा हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. मग दहा बायका एकदम कोरायला लागल्या. तासाभरात अकरा तोंडं तयार झाली, त्यांतली बरीचशी दाढदुखीने हैराण झाल्यासारखी दिसत होती.

मधल्या वेळात लेक गल्लीचा फेरा मारून आली आणि मोठ्याने सांगत सुटली की आजीचं, म्हणजे मावशींचं, तर सकाळीच झालं. ते खरं होतं. टोकाच्या फाटकापाशी बारावं कोहळं होतं. तिरपे डोळे, नाकाला नीट टोक, तोंडात एकेक दात वेगळा कोरलेला. इतकी वर्षं कोणाची वाट न पाहता कोहळी चिरल्यावर हात तयार होणारच. गल्लीत तेवढं एकच कोहळं पाहण्यासारखं होतं.

नियमाप्रमाणे मुलांनी तिथे जायला हवं होतं. पण घरांची यादी करताना अध्यक्षीणबाईंनी ते घर घेतलं नाही. मी आठवण करून दिली. त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी सायन्सवाल्या, तुमाले चालते," त्या म्हणाल्या, "आमाले लेकरं हायेत." जणू माझ्या घरात मांजर होतं. मला बोलता आलं असतं. वर्गात मी यावर पंचेचाळीस मिनिटं बोलते. पण मुलांना रांगेत नेण्याचं काम माझ्याकडे होतं, गळ्यात शिट्टी होती, चांगल्या दिवशी कशाला वाद, असं मनात आलं, आणि मी यादी हातात घेऊन 'बरं' म्हटलं. एवढ्या लहान शब्दाची मला अजून लाज वाटते.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली. पाच पऱ्या, तीन राजकन्या, चादरीतली दोन भुतं, एक सांगाडा आणि सर्वांत पुढे माझी लेक. अंगात माझा जुना काळा कुर्ता, डोक्यावर आजोबांनी चार्टपेपरची केलेली हातभर टोपी, आणि तोंडाला तव्याची काजळी खोबरेलात कालवून कानापर्यंत फासलेली. फक्त डोळे आणि दातांची खिंड दिसत होती. निघताना तिने सांगितलं, आधी आजीकडे. मी म्हटलं, शेवटी जाऊ. तिने ते मान्य केलं, कारण आई खोटं बोलत नाही असा तिचा तोवर समज होता.

घरोघर चॉकलेटं मिळाली. एका घरी सत्यनारायणाचा प्रसाद मिळाला, एका घरी चादरीतल्या भुताला अभ्यास कसा चालला आहे ते विचारलं गेलं. एका काकांनी चॉकलेट द्यायला उशीर केला म्हणून लेकीने त्यांच्या चपला उचलून तुळशीत ठेवल्या आणि ही ट्रिक आहे असं समजावून सांगितलं. अकरावं घर झालं. मी शिट्टी वाजवली आणि मागे फिरायला सांगितलं.

लेक फिरली नाही. म्हणाली, "आई, आता आजी."

मी म्हटलं की उशीर झाला, उद्या जाऊ. तिने माझ्या हातातली यादी घेतली आणि विजेच्या खांबाखाली उभी राहून वाचली. नुकतंच वाचायला आलेल्या मुलांपासून कागद लपवावेत, हे मला सुचलं नव्हतं. आजीचं नाव का नाही, असं तिने विचारलं. अध्यक्षीणबाई शिंगं सावरत दुसरीकडे पाहू लागल्या. मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग एका परीनेच सांगून टाकलं. घरात ऐकलेलंच ती बोलली असणार, तिचा काय दोष. "वहाँ टोनही रहती है," ती म्हणाली.

लेकीने टोपी नीट केली. "तो मैं भी तो वही हूँ," असं म्हणून ती टोकाच्या फाटकाकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेले. पुढे नाही, मागे. बाकी सगळे खांबापाशीच थांबले.

मावशी दारातच होत्या. इस्त्रीची साडी नेसलेल्या, स्टुलावर ताट, ताटावर रुमाल झाकलेला. दुपारपासून किती वेळा तो रुमाल त्यांनी उचलून पाहिला असेल, कोण जाणे. लेकीने 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हटलं. मावशींनी ताट पुढे केलं, नजर खाली ताटावर, आणि विचारलं, "काय बनली वं तू?"

लेकीला नवा शब्द मिळाला होता. "टोनही," ती म्हणाली.

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं. मावशींचा ताटावरचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "मंग बरोबर घरी आली."

लेकीने बोंड तोंडात टाकलं आणि खाता खाता गप्पा सुरू केल्या. मागच्या वेळी मी चार खाल्ली होती, ती म्हणाली, मग मला ताप आला, मग आईने माझ्यावर मिरच्यांचा प्रयोग केला. मावशींनी विचारलं की कायचा प्रयोग. लेकीने मूठ वळली आणि स्वतःच्या डोक्यावरून गोल गोल फिरवून दाखवली, सातही वेळा, मोजून. ती फार हुशार मुलगी आहे, असं तिच्या मॅमही म्हणतात.

मी फाटकापाशी कोरलेल्या कोहळ्याकडे पाहत उभी राहिले. मावशींनी मलाच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "ठसका लागला होता का?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मी तं पाह्यतच नाही तिच्याकडं," त्या ताटाकडे पाहत म्हणाल्या. "कोणाचंबी लेकरू आलं तं खालीच पाह्यत रायते. उगाच कायले." मग म्हणाल्या, "आज तं सारं थोबाड काळं हाये तिचं. आज नजर लागत नाही. आज पाहू का?"

इतकी वर्षं लोक म्हणत होते ते या बाईने ऐकलं होतं, आणि आमच्यापैकी कोणी त्यांना ते खोटं आहे असं जाऊन सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यांनीही ते खरं धरलं होतं. कोहळी देताना त्यांनी मान खाली घातली, ती फटकून असल्यामुळे नव्हे. माझ्या पोरीला जपण्यासाठी त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या, आणि मी त्यांच्यापासून जपण्यासाठी पोरीला होमवर्क देत होते. मला रडू आलं. पण रडणं फार स्वस्त असतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी लेकीला जवळ ओढलं आणि ओढणीच्या टोकाने तिचं तोंड पुसायला लागले. खोबरेलातली काजळी, निघता निघेना. लेक ओरडत होती. मी कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली. मध्येच माझा हात एकदा थांबला, हे लिहायला हवं. मग मी लेकीला मावशींसमोर उभी केली आणि म्हटलं, "आता पाहा, मावशी."

मावशींनी डोळे वर केले. त्या पोरीकडे पाहतच राहिल्या. हनुवटीला धरून तिचा चेहरा त्यांनी उजेडाकडे फिरवला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"कानामागं राह्यलं वं बाई," त्या म्हणाल्या.

लेकीच्या उजव्या कानामागे काजळीचा एक ठिपका होता, बरोबर तिथे, जिथे आया तीट लावतात. तो राहिला होता की मी ठेवला होता, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. मी पुन्हा ओढणी घेतली आणि तोही पुसला.

लेक रडकुंडीला आली. आता मी टोनही दिसत नाही, असं ती सारखं म्हणत होती.

"राहू दे वं," मावशी म्हणाल्या. "या गल्लीले एक पुरते." आणि तिच्या तोंडाकडे सरळ पाहत त्यांनी दुसरं बोंड तिच्या हातावर ठेवलं.